पेट्रोल, हवा, ठिणगी आणि वाळुंजबाई

बंद पडलेल्या यंत्रासमोर वाळुंजबाई आल्या की आधी यंत्राकडं बघायच्याच नाहीत. भोवती जमलेल्या माणसांकडं बघायच्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी आणि दोन्ही हात कमरेवर. "शेवटचं कुणी चालवलं?" हा पहिला प्रश्न. "तेव्हा कसं वागत होतं?" हा दुसरा. "आणि त्यानंतर तुम्ही त्याला काय काय केलंत?" हा तिसरा. या तिसऱ्या प्रश्नाला माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागायची.

बाई आमच्या हायस्कूलमध्ये खेळ शिकवायच्या आणि मी चित्रकला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. महाळुंगे पडवळच्या पुढं असलेल्या आमच्या गावात गणित-विज्ञानवाले या दोन्ही विषयांना सारखंच मोजत, म्हणजे मोजतच नसत. त्यामुळं स्टाफरूमच्या एकाच कोपऱ्यात आमची टेबलं होती. माझ्या टेबलावर रंगांच्या बाटल्या. त्यांच्या टेबलावर पाना, पक्कड, जुने स्पार्क प्लग, वाटीभर फुटाणे आणि कुणाचं तरी उघडलेलं घड्याळ. जुन्नरजवळ त्यांच्या माहेरी तेलाच्या इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी होती. "मी बोलायला लागायच्या आधी इंजिन चालू करायला शिकले," असं त्या सांगायच्या. त्यातला बोलायला उशिरा लागल्याचा भाग मला कधीच खरा वाटला नाही.

त्यांचं सगळं शास्त्र तीन शब्दांचं होतं. "पेट्रोल, हवा, ठिणगी. चौथं काही नसतं. आधी सोपं बघायचं, मग अवघड. माणसं उलटं करतात. टाकी रिकामी असते आणि हे इंजिन खोलून बसतात."

आमच्या हेडसरांची स्कूटर घोडेगावला जाताना दर वेळी अर्ध्या वाटेवर बंद पडायची. थोडा वेळ उभी केली की आपोआप चालू व्हायची. मंचरच्या मेकॅनिकनं प्लग बदलला, वायर बदलली, शेवटी कार्बोरेटर खोलला, तरी हिचं रुसणं काही जाईना. बाईंनी शाळेच्या आवारात हेडसरांना त्यांचे तीन प्रश्न विचारले. हेडसर म्हणाले, "मी काय करणार? मी काहीच नाही केलं." बाईंनी टाकीचं झाकण उघडलं. झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी ताणून रबरानं घट्ट बांधलेली होती. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून हेडसरांनी स्वतःच्या हातानं केलेली ती सोय.

"सर, पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही बिचारीचं नाक दाबून तिला घोडेगावला पळवता."

हेडसर लाल झाले. पण बाईंनी लगेच बाजूला होऊन त्यांनाच किक मारायला लावली. तो त्यांचा नियम होता. यंत्र कशामुळं बिघडलं हे जो सांगेल, निदान मान्य करेल, त्यानंच ते पहिल्यांदा चालू करायचं. दोरीचं यंत्र असेल तर दोरी त्यानं ओढायची, किकचं असेल तर किक त्यानं मारायची. यंत्र सुरू झाल्यावर सगळे आनंदानं ओरडायचे आणि त्या ओरडण्याचा मान चूक करणाऱ्याला मिळायचा. या नियमामुळं आमच्या शाळेत चुका लपत नसत. उलट पोरं कधी कधी न केलेल्या चुकाही कबूल करायची.

बाई चुकायच्या नाहीत असं मात्र नाही. एका पंधरा ऑगस्टला त्यांनी आदल्या दिवशी दुरुस्त केलेल्या टेपरेकॉर्डरमधून मुलींनी गायलेलं गाणं एखाद्या सर्दी झालेल्या पैलवानाच्या आवाजात बाहेर पडलं. सरपंचांसह सगळं गाव खाली मान घालून हसत होतं. बाई अजिबात हलल्या नाहीत. "वीज कमी येतीय," त्यांनी मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. त्या यंत्राचे दोन उरलेले स्क्रू नंतर मला त्यांच्या फुटाण्यांच्या वाटीत सापडले. तर म्हणाल्या, "कंपनीनं जादाचे दिले होते."

मुलींच्या बाबतीतही बाई अशाच. एखादी चांगली पळणारी पोरगी अचानक मागं पडायला लागली, की तिला ओरडायचं नाही. पहिल्यांदा "जेवलीस का?", मग "झोपलीस का?", आणि या दोन्हींना हो आलं, तरच "घरी कोण काय बोललं?" बऱ्याच पोरींचं पहिल्याच प्रश्नाला अडायचं. मग बाईंचा डबा त्यांच्यापुढं यायचा आणि बाई दिवसभर फुटाण्यांवर काढायच्या. आमच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ असा भाकरीवर आणि फुटाण्यांवर उभा राहिलेला होता.

त्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी म्हणजे भागी, नववीतली. गावाबाहेरच्या माळावर मारुतीनानांचं घर होतं, त्यांची ही थोरली. नानांची मेंढरं होती. आजी घर राखायला गावात राहायची आणि पाऊस उघडला की बाकीचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन घाट उतरायचं. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी नाना शाळेत आले आणि भागीचा दाखला मागायला लागले.

"औंदा हिला बी नेनार. घरात हात कमी पडत्यात, बाई," ते शांतपणे म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. जे आहे ते सांगत होता.

बाईंनी वाद घातला नाही. तालुक्याचे खो-खोचे सामने त्या वर्षी पहिल्यांदाच आमच्या शाळेत व्हायचे होते, दसऱ्यानंतरच्या शनिवारी. "नाना, शनिवारपर्यंत थांबा. एकदा तिचा खेळ बघा. मग तुमचं तुम्ही ठरवा," एवढंच त्या म्हणाल्या.

"शनवारपत्तुर थांबतो," नाना म्हणाले. "म्होरं न्हाई जमायचं. चारा संपत आलाय."

नाना गेल्यावर बाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, या माणसानं पोरीला अजून पळताना बघितलेलंच नाही. एकदा बघू द्या." त्यांना जराही शंका नव्हती. मला होती, पण बाईंसमोर शंका काढायची माझी हिंमत नव्हती.

आता अडचण होती ती मैदानाची. पावसाळ्यात आमचं मैदान म्हणजे कुरण व्हायचं. दरवर्षी विळ्यांनी गवत कापायचं म्हटलं की बोटभर खुंट मागं राहायचे आणि अनवाणी खेळणाऱ्या पोरींच्या तळपायात घुसायचे. त्या वर्षी मात्र आमच्याकडं मशीन होतं. जुन्नरकडं बंगला बांधलेल्या एका पाहुण्यांनी आपलं जुनं गवत कापायचं मशीन शाळेला भेट दिलं होतं. पेट्रोलवर चालणारं, चार चाकांचं, दोरी ओढून सुरू करायचं. शुक्रवारी दुपारी तालुक्याहून मैदान बघायला माणसं येणार होती. मैदान पसंत पडलं नाही तर सामने दुसऱ्या मोठ्या शाळेत जाणार होते, तेही दिवाळीनंतर. दिवाळीनंतर भागी कुठल्या घाटाखाली असेल हे कुणाला ठाऊक.

दसऱ्याची सुट्टी संपली आणि बुधवारी बाईंनी मशीन बाहेर काढलं. दोरी ओढली. नुसतं फुसफुसलं. पुन्हा ओढली. तेही नाही.

बाई कमरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या आणि माणसांकडं बघायला लागल्या. माणसं म्हणजे मी, खो-खोच्या पोरी आणि आमचे शिपाई बबनमामा. बबनमामा कपाळाला टिळा लावल्याशिवाय शाळेची घंटासुद्धा वाजवायचे नाहीत, असे भाविक.

"शेवटचं कुणी चालवलं?"

"तुमीच, बाई," पोरी एका सुरात म्हणाल्या.

"तेव्हा कसं चालत होतं?"

"झ्याक."

"मग त्यानंतर काय केलंत?"

मग भागीनं मान खाली घालून सांगितलं, "खंडेनवमीला धुतलं, बाई. पूजेसाठी. हापशावर नेऊन चांगलं घासून घासून."

आमच्याकडं खंडेनवमीला घरातल्या, शेतातल्या सगळ्या अवजारांची पूजा होते. कुदळ, कोयता, पाण्याची मोटर, सायकल, काही सुटत नाही. शाळेतही घंटेचा टोला, गोळाफेकीचा गोळा आणि माझे ब्रशसुद्धा पूजेला मांडलेले असायचे. नवं मशीन तर त्या दिवशीचा नवरदेवच होतं. त्याच्यावर हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, सगळे सोपस्कार झाले होते.

"धुतलंत ते चांगलं केलंत. सांगितलंस ते त्याहून चांगलं," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

आधी पेट्रोल. टाकी निम्मी भरलेली. बाईंनी झाकण काढून वास घेतला, मान हलवली. पेट्रोल होतं. मग हवा. हवा गाळायचा स्पंज बाहेर काढला तर तो ओलाचिंब आणि चिकट. नारळ मशीनवरच फोडलेला होता. बाईंनी स्पंज साबणानं धुतला, पिळला आणि एका पोरीला तो हातात धरून उन्हात उभं केलं. मग ठिणगी. प्लग काढला तर तोही ओला. तो पुसून कोरडा केला, ठिणगीजवळ पेट्रोलची वाफ नको म्हणून टाकीचं झाकण घट्ट लावलं, मशीन उचलून दुसरीकडं नेलं. उन्हात ठिणगी दिसत नाही. भागी घरून नानांची घोंगडी घेऊन आली. बाई आणि बबनमामा घोंगडीखाली डोकी घालून बसले, प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवलं आणि मला दोरी ओढायला सांगितली.

"दिसली का ओ?" मी विचारलं.

"निळी! निळीशार!" घोंगडीतून बबनमामांचा आवाज आला. दर्शन झाल्यासारखा.

म्हणजे ठिणगी ठणठणीत होती. स्पंज वाळला, सगळं पुन्हा बसवलं, दोरी ओढली. मशीन ढिम्म. पोरींचे चेहरे उतरले. मी मनातल्या मनात विळे मोजायला लागलो. बाईंचा चेहरा मात्र उजळला होता. आता उत्तर कुठल्या खोलीत लपलंय हे त्यांना कळलेलं होतं.

"पेट्रोल दिसलं म्हणजे पेट्रोलच असेल असं नाही," त्या म्हणाल्या. "फुटाण्यांची वाटी आणा."

फुटाणे माझ्या खिशात गेले आणि वाटी मशीनखाली. बाईंनी कार्बोरेटरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला. थोडं पेट्रोल वाटीत उतरलं. बाईंनी वाटी उन्हात तिरकी केली. तळाशी पाण्याचे गोल गोल थेंब वेगळे फिरत होते.

"धुताना गेलं असेल," मी म्हणालो.

"चार थेंब जातील. हे एवढं? हे कुणीतरी घातलंय." बाईंनी वर बघितलं, पण कुणा एकाकडं बघितलं नाही. "रागावणार नाही. नियम माहीत आहे सगळ्यांना."

बबनमामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "बाई," ते म्हणाले, "त्ये पानी न्हवतं."

"मग काय होतं?"

"तीर्थ व्हतं."

पोरी हसू दाबायला एकमेकींच्या मागं लपल्या.

"सगळ्यांला दिलं, मंग त्याला बी दिलं," बबनमामा कळवळून सांगायला लागले. "नवं मशीन. गुनानं चालावं म्हनून. तीर्थ तीनदा देत्यात, तसं तीन पळ्या दिलं टाकीत. माझ्या मनात काय पाप न्हवतं, बाई."

बाई हसल्या नाहीत, यासाठी मी त्यांना आजही मानतो. "मामा, देवाचं पाणी देवाला, मशीनचं पेट्रोल मशीनला," एवढंच म्हणाल्या. टाकी पूर्ण रिकामी केली, कोरड्या फडक्यानं पुसली, हेडसरांच्या स्कूटरमधून त्यांच्या समक्ष पेट्रोल काढून भरलं. मग उठल्या आणि दोरी बबनमामांच्या हातात दिली.

मामांनी डोळे मिटले, दोरी कपाळाला लावली आणि ओढली. मशीन खोकलं. दुसऱ्यांदा ओढल्यावर असं काही गर्जलं की मामा दोन पावलं मागं उडाले. पोरींनी आरडाओरडा करून शाळा डोक्यावर घेतली. वर्गावर्गांतून तास सोडून पोरं खिडक्यांना लटकली आणि हेडसर कुणालाच रागावले नाहीत.

बुधवारी संध्याकाळी निम्मं मैदान सपाट झालं. गुरुवारी सकाळी बाईंनी पुढचं निम्मं धरलं आणि थोड्याच वेळात गवतातून खण्णकन आवाज आला. पूर्वीच्या खो-खोच्या खांबाचं लोखंडी बूड जमिनीत तसंच राहिलेलं होतं, गवतात कुणाला दिसलं नव्हतं. पातं वाकलं. बाईंनी मशीन उलटं केलं, पातं हातानं फिरवलं, कान लावला. मी वाट बघत होतो की आता तीन प्रश्न येतील. पण त्या उठून हात झटकत म्हणाल्या, "दांडा वाकलाय. हे आपल्या हातचं नाही. पुण्याला जाईल."

"मग आता?" मी विचारलं.

"आता दुसरं मशीन," बाई म्हणाल्या आणि कॅनव्हासच्या बुटांनी तरातरा माळाकडं चालायला लागल्या. त्या कुणाकडं निघाल्यात हे लक्षात आल्यावर मी मागोमाग धावलो.

नाना मेंढरांजवळ बसले होते. पोरीसाठी त्यांना थांबवून ठेवणाऱ्या बाई आता त्यांच्याच दारात मदत मागायला आल्या होत्या. दुसरं कुणी असतं तर आधी इकडचं तिकडचं बोललं असतं. बाई म्हणाल्या, "नाना, माझं मशीन मोडलं. निम्मं मैदान राहिलंय. उद्या दुपारपर्यंत तुमची मेंढरं ते साफ करतील का?"

नाना उठले आणि आमच्यासोबत मैदानावर आले. उरलेल्या गवतात फिरले, एक काडी मोडून चावली, खाली बसून हाताच्या तळव्यानं जमीन चाचपली.

"अजून कवळं हाय," ते म्हणाले. "कुसळ धरलं असतं तर मी घातली नसती. लोकरीतनं पार कातड्यात शिरतं. पन ह्ये खात्यात." मग म्हणाले, "मशीनपरीस खालून खात्यात, बाई. खुंट ऱ्हात न्हाई."

"तेच पाहिजे मला."

"लेंड्या पडतील पन."

"त्या झाडायला माझ्याकडं अख्खा संघ आहे."

त्या संध्याकाळी मैदानावर मेंढरं पसरली. भागी आणि तिची आई त्यांना वळवत होत्या, नाना काठीवर हनुवटी टेकून उभे राहून कोपरा राहिला की शीळ घालत होते. शुक्रवारी सकाळी पुन्हा चारणी झाली. पोरींनी खराट्यांनी लेंड्या झाडल्या, त्या हेडसरांच्या गुलाबांना गेल्या. मग पोरी रांगेनं गुडघ्यांवर बसून सराटे वेचत पुढं सरकल्या. नाना जायला मोकळे होते, पण गेले नाहीत. अनवाणी पायांनी सगळं मैदान एकदा चालून बघितलं आणि मगच मेंढरं हलवली.

दुपारी तालुक्याची माणसं आली. त्यांनी बूट न काढताच मैदान पसंत केलं.

शनिवारी आमच्या पोरींनी पहिले सामने जिंकले आणि शेवटचा हरल्या. थोडक्यात हरल्या, पण हरल्या. समोरचा संघ मोठ्या शाळेचा, सगळ्या पोरी बुटातल्या. आमच्या शेवटच्या पाळीत तिघींपैकी दोघी बाद झाल्या आणि भागी एकटी उरली. मी खेळातला नाही, तरी ते पळणं विसरू शकत नाही. पाठलाग करणारी अगदी जवळ यायची, हात लावणार असं वाटायचं आणि भागी खांबाला वळसा घालून पलीकडं निघालेली असायची. शिट्टी होईपर्यंत ती कुणाच्या हाताला लागली नाही. सगळं गाव ओरडत होतं. नाना चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेषेबाहेर उकिडवे बसले होते, त्यांनी एकदाही टाळी वाजवली नाही. त्यांची नजर पोरीच्या पावलांवर होती. खेळ संपल्यावर ते बाईंना म्हणाले, "पायाला काय बी टोचलं न्हाई तिच्या."

"नाही टोचलं," बाई म्हणाल्या. मला वाटलं होतं, आता त्या भागीला ठेवायचं विचारतील. त्यांनी विचारलंच नाही. मला त्यांचा रागच आला.

त्या दिवाळीत माझी बदली जुन्नरकडं झाली. पुढं बाईही निवृत्त झाल्या आणि आमची गाठ पडली नाही. तेव्हा त्यांच्याबद्दल माझ्यापाशी शेवटचं जे आहे ते त्या रविवारच्या सकाळचं.

मी मैदानावरचे दोर गुंडाळायला शाळेत आलो होतो. बाई चुन्याची भांडी धूत होत्या. नानांचं बिऱ्हाड रस्त्यानं निघालं. पुढं ओझं लादलेलं घोडं, त्याच्यामागं भागीची आई, मग मेंढरं. सगळ्यांत मागून नाना आले, दोन्ही काखांत दोन नवी कोकरं. तिसरं कोकरू भागीच्या कडेवर होतं आणि तिच्या दुसऱ्या खांद्याला दप्तर. दप्तर कशाला घेतलं असेल, ते मला कळेना.

फाटकापाशी नाना थांबले. "बाई, ही आजीपाशी ऱ्हाईल," ते म्हणाले. "हातांचं आमी बगू कायतरी. तिला पळू द्या."

ओले हात पुसायला म्हणून बाईंनी पदर उचलला आणि तोंडावरच धरला. नाना संकोचून रस्त्याकडं बघायला लागले. भागी तर पार दगड झाली होती. आई पुढं चाललीय हे दिसत होतं आणि तिचे पाय फाटकातून हलत नव्हते.

बाईंनी पदर सोडला. भागीच्या कडेवरचं कोकरू काढून आपल्या काखेत घेतलं. "चला नाना, नदीपर्यंत येते," म्हणाल्या आणि कॅनव्हासचे बूट फुफाट्यात बुडवत मेंढरांच्या मागून चालायला लागल्या. कोकरू आईसाठी ओरडत होतं, हातपाय झाडत होतं. बाई त्याला दटावत होत्या, "गप. जेवलास का? तेवढं सांग आधी."